बंद पडद्यावरचं बोट

३ फेब्रुवारी

खुडबुड्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर. आधी भांडण.

तू परत गेलास त्याला आज तीन आठवडे झाले. बाबा गेल्यावर बारा दिवस राहिलास. दाखले आणलेस, कपाटं लावलीस, मोरीतली गळकी तोटीसुद्धा बदललीस. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण निघायच्या आदल्या दिवशी दुपारी माझा जरा डोळा लागला असताना पुढच्या खोलीत बसून तू काय केलंस, ते मला कालच कळलं. एवढे दिवस मी कॉम्प्युटर लावलाच नव्हता. खुर्ची त्यांची, उशी त्यांची, हात पुढे होत नव्हता. काल धीर केला. पडद्याच्या कडेला तुझी चिठ्ठी चिकटवलेली होती. "आई, पसारा आवरलाय. आता एकदम सोपं. पासवर्डसुद्धा लागणार नाही."

पसारा म्हणालास.

लावला, तर एक डोंगर. वर काळी पट्टी, तिच्यात मधोमध तारीख आणि वेळ. बाकी काही नाही. डोंगराच्या आड काही असेल म्हणून मी दहा मिनिटं बघत बसले. मग बंद केला.

माझं कपाट कुठे आहे?

तुला त्याची किंमत माहीत नसावी असं धरून सांगते. माझी शाळा चौथीत सुटली. अक्षरओळख होती, पण वाचायला लागले ती ह्या घरात आल्यावर. बाबांकडे दुरुस्तीला टाइपरायटर यायचे, त्यांच्या रुळात लोकांचे कागद अडकलेले असायचे. कुणाचा नोकरीचा अर्ज, कुणाची तक्रार, कुणाचं "आपला विश्वासू". ते मी काढून वाचायची. म्हणजे सगळ्यात आधी मला पत्रं वाचता यायला लागली, आणि तीही अर्धीच. पुढचं पान मालकाबरोबर गेलेलं असायचं. पुढे काय झालं असेल ह्या विचाराने माझी भाजी करपायची. मग बाबांनी मला वाचनालयात नाव घालून दिलं. म्हणाले, तिथे निदान शेवटचं पान असतं.

टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांनी मला टाइप करायला शिकवलं. पुस्तक संपलं की मी दहा-बारा ओळी लिहायची, आवडलं की नाही आणि का. प्रत्येक पुस्तकाची एक फाईल. बाबांनी त्या फाईली पडद्यावर रांगेने मांडल्या होत्या, फळीवर पुस्तकं ठेवतात तशा. दोनशे चौदा होत्या. आणि प्रत्येकीच्या तळाशी ते स्वतःची एक ओळ घालायचे. आयुष्यात एक पुस्तक पुरं वाचलं नाही त्यांनी, पण माझं टिपण वाचून विचारायचे. "एवढा हुशार माणूस आणि छत्री विसरतो?" "म्हणजे घर शेवटी कुणाला मिळालं?" एका कादंबरीखाली लिहिलं होतं, "ह्यातली सासू माझ्या मावशीसारखी आहे. मावशी आली की हे पुस्तक आत ठेव."

हा तुझा पसारा.

दुसरी गोष्ट. वाचनालयाच्या फळ्यावर तुझ्या सहीचा कागद लागला आहे. "सहाही कॉम्प्युटरवर एकच आधुनिक मांडणी ठेवावी, सांभाळायला सोपी." अध्यक्षांनी तुला वाटेत गाठलं असेल, तू एका बैठकीत लिहून दिलंस. त्या सहांपैकी प्रत्येकावर बाबांनी कुणाला काय लागतं ते बघून मांडणी केली होती, हे तुला ठाऊक होतं. अठरा मार्चला समितीची सभा आहे. तिथे ठराव झाला की माझ्या पडद्याचं झालं तेच त्या सहांचं होईल.

अठराच्या आत अध्यक्षांना लिहून तो कागद मागे घे. फोन करू नकोस. फोनवर मी नुसती हं हं करते.

आशीर्वाद राहिले.

आई


१९ फेब्रुवारी

खुडबुड्या,

तुझं उत्तर आलं. "आई, मी काहीही पुसलेलं नाही." ही पहिली ओळ.

मी तुला खोटं बोलण्यावरून कधी मारलं नाही, ह्याचा आज पश्चात्ताप होतोय. पडदा माझ्या समोर आहे. त्यावर डोंगर आहे. डोंगरावर दोनशे चौदा फाईली नाहीत. आणि तू म्हणतोस, पुसलं नाही. पत्र घडी करून बाबांच्या डब्याखाली ठेवलं आहे.

डबा म्हणजे टाइपरायटरच्या रिबिनीचा तो पत्र्याचा, त्यांच्या टेबलावरचा. तू लहानपणी त्यात गोट्या ठेवायचास, ते ओतून द्यायचे. आता त्यात कार्डं आहेत. तू "आधुनिक" लिहिलंस, तेव्हा ती कार्डं एकदा तरी आठवलीस का?

बाबा टाइपरायटर दुरुस्त करायचे तेव्हा यंत्र शेवटी आणायचे. आधी टायपिस्टला रिकाम्या टेबलाशी बसवायचे. म्हणायचे, मशीन आहे असं समजा, हात ठेवा. हात कुठे पडतात ते बघून टेबल वर-खाली करायचे, आणि निम्म्या वेळा यंत्राला काही झालेलंच नसायचं, खुर्ची चुकीची असायची. कॉम्प्युटर आल्यावर त्यांनी तीच रीत धरली. माणसाला बंद पडद्यासमोर बसवायचं. "विचार करू नका. तुमचं काम कुठे असायला हवं, तिथे बोट ठेवा." काचेवर बोट टेकलं की कार्डावर चौकोन काढून तिथे टिंब द्यायचे. मग ठरवायचे.

मला त्यांनी समजावलं होतं ते असं. आतून कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स तेच, यंत्रही तेच. पण समोर काय दिसावं आणि हात कुठे घालावा, ही मांडणी वेगवेगळी मिळते, हवी ती निवडायची. ग्नोम, केडीई, माटे, एक्सएफसीई. मला आधी ती औषधांची नावं वाटली, माटे तेवढे कुणी मास्तर असतील. ह्यातलं चांगलं कुठलं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "चांगली खुर्ची कुठली? बसणाऱ्याचे पाय केवढे ते सांग."

आता ऐक कुणाला काय दिलं.

प्रूफवाले काका. छापखान्यात चाळीस वर्षं प्रूफं तपासली. त्यांचं बोट पडद्याच्या डाव्या कडेवरून सरळ खाली आलं. म्हणाले, "सगळं समासात हवं. मधलं पान मोकळं." बाबांनी केडीई दिलं. त्यात काहीही उचलून कुठेही ठेवता येतं, पट्टी कडेला उभी करता येते. काका दर आठवड्याला ती केसभर सरकवतात आणि सुखात असतात.

अर्जवाल्या बाई. लोकांचे अर्ज टाइप करून देतात, वाचनालयाच्या तीन नंबरवर बसून. त्यांनी बोट नाही, आख्खा पंजा टेकवला. "इथे घरभाड्याचे, इथे नोकरीचे, इथे तक्रारीचे. माझ्या टेबलावर असतात तसे." त्यांना माटे दिलं. पडद्यावर कागदांचे ढीग ठेवता येतात, वरच्या पट्टीवर शब्दांत लिहिलेली यादी असते, चित्रांचा अंदाज बांधावा लागत नाही.

आणि टेलिफोनवाल्या ताई. एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या, नजर जवळजवळ गेली. त्यांनी बोट ठेवलंच नाही. म्हणाल्या, "मला दिसत नाही तर दाखवू काय? मी नाव घेणार, तुम्ही जोडून द्या." त्यांना बाबांनी ग्नोम दिलं, तुझं लाडकं, हेच डोंगरवालं. एक कळ दाबायची, नाव टाइप करायचं, ते समोर येतं आणि वाचूनही दाखवतं. पडद्यावर काहीच नसतं ह्याचा त्यांना काय फरक पडतो? म्हणजे तुझं ग्नोम वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते ज्यांना हवं होतं त्यांना बाबांनी तुझ्या आधी दिलं होतं. ज्यांना नको होतं त्यांना दिलं नव्हतं. एवढाच फरक.

डब्यात तुझंही कार्ड आहे. वर "खुडबुड्या" लिहिलंय, खाली चौकोन. टिंब नाही. का नाही ते तुला माहीत आहे. मधल्या चार वर्षांबद्दल मला ह्या पत्रात काही लिहायचं नाही.

कागद मागे घे.

आई


२ मार्च

आज वाचनालयात झालं ते लिहून ठेवते, म्हणजे तुला "सोपं" ह्या शब्दाचा अर्थ कळेल.

अध्यक्षांना सभेपर्यंत दम निघाला नाही. तुझ्या कागदाबरहुकूम तीन नंबर त्यांनी "नमुना" म्हणून बदलून घेतला. सकाळी अर्जवाल्या बाई आल्या. बरोबर एक गृहस्थ, कारखान्यातून काढून टाकलेले, हातात घामाने मऊ झालेला कागद. फेरविचाराचा अर्ज द्यायची आजची शेवटची तारीख. बाईंनी अर्ज काल टाइप करून ठेवला होता, छापायचा राहिला होता. यंत्र लावलं. डोंगर.

"माझं टेबल कुणी पुसलं?" त्या म्हणाल्या.

ग्रंथपाल बाई धावत आल्या. अध्यक्ष त्यांच्या खोलीतून हसत आले. "नवीन आहे. बघा किती स्वच्छ. दोन दिवसांत सवय होईल."

"मला होईल हो. ह्यांची तारीख आज आहे."

"फाईल असेल कुठेतरी."

"कुठेतरी हे कुठल्या खिडकीत देतात?"

ते गृहस्थ हातातल्या कागदाची घडी घालायला लागले. अशा माणसांना वाटतं आपल्यामुळेच काहीतरी बिघडलं. मी उठून वाचनकक्षातल्या टेबलावरची वर्तमानपत्रं बाजूला केली. बाईंनी आठवून सांगितलं, मी हाताने लिहिलं, चार पानं. माझं अक्षर बरं आहे, ते तूही मान्य करशील. साडेचारला कचेरी बंद व्हायच्या आत अर्ज पोचला. त्यांनी माझे आभार मानले तेव्हा मला तुझी लाज वाटली. मुलाची लाज वाटणं ही काय चीज असते, ते तुला मुलं झाली की कळेल.

आणि तुझा अजून पत्ता नाही. ना अध्यक्षांना पत्र, ना मला.

आई


९ मार्च

आता हे पत्र लिहायला मला जड जातंय, म्हणून सरळ लिहून टाकते.

काल दुपारी प्रूफवाले काका घरी आले. सभेत काय बोलायचं ते ठरवायला. मी म्हटलं, मी उभी राहून सांगणार आहे की माझ्या मुलाने माझी दोनशे चौदा टिपणं पुसली, आता तुमचीही पुसायची का ते ठरवा.

काका म्हणाले, "त्याला विचारलंत?"

"विचारलं. पुसलं नाही म्हणतो."

"बरं. पुढे?"

"पुढे काय?"

"पत्रात पुढे काय लिहिलंय?"

मी म्हटलं, पुढचं वाचलं नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या मी. पान उलटल्याशिवाय एकही काढली नाही."

मी डबा उचलला आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. तेच मोठ्याने वाचत गेले. पुस्तक म्हणून कधी अर्धं न सोडणारी मी, आणि पोटच्या मुलाचं पत्र पहिल्या ओळीनंतर मिटून ठेवलं. पाठच्या पानावर तू सगळं लिहिलं होतंस. की ग्नोम पडद्यावर फाईली मांडून ठेवत नाही, पण त्या आतल्या कप्प्यात तशाच आहेत. की बाबांची मांडणी काढलेली नाही, नवी फक्त शेजारी बसवली आहे. की पासवर्ड काढून टाकल्यामुळे निवडीचा पडदाच समोर येत नाही. बंद करू नकोस, "बाहेर पडा" कर, तुझ्या नावावर दाब, कोपऱ्यात बघ.

मी आयुष्यात कॉम्प्युटरमधून बाहेर पडले नव्हते. मी नेहमी बंदच केलाय.

कोपऱ्यातलं ते चिन्ह मला दिसलं नसतं. काकांना दिसलं, त्यांना दोन शब्दांमध्ये जास्तीची जागासुद्धा दिसते. छोटंसं दातेरी चाक, खाली उजवीकडे. त्यावर दाबलं की यादी आली, तिच्यात एक्सएफसीई, बाबांनी मला लावून दिलेलं. काकांनी उठून खुर्ची मला दिली. "हे तुम्ही करा."

केलं. डोंगर गेला आणि फळ्या आल्या. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत.

काका मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत होते. भला माणूस आहे.

तर, तू खोटं बोलला नव्हतास. मागच्या तिन्ही पत्रांत मी जे जे म्हटलं, त्यातलं ह्यापुरतं मागे घेते. ह्यापुरतंच. कारण त्याच पानाच्या तळाशी तू लिहिलंयस, "मला जे सवयीचं तेच तुला लावलं. विचारायला हवं होतं." अरे, हे वाक्य पाठच्या पानावर, तळाशी लिहितात? पहिल्या ओळीत हेच लिहिलं असतंस तर मी पुढचंही वाचलं असतं. आणि तीन नंबरला जे झालं ते झालंच. फाईल आत सुखरूप होती, हे त्या गृहस्थांना दुपारी साडेचारला काय कामाचं?

मीही एकदा हेच केलंय, ते सांगून टाकते. बाबा आजारी होते तेव्हा टेलिफोनवाल्या ताईंच्या यंत्राचं काही बिनसलं. मी मोठ्या हौसेने माझ्यासारखी मांडणी करून दिली, फळ्यांसकट. ताई छान म्हणाल्या आणि आठवडाभर आल्याच नाहीत. बाबा अंथरुणातून मला म्हणाले, "तिचा हात कुठे गेला ते बघितलंस, की आपलाच धरून नेलास?" मला तेव्हा राग आला होता. आजारी माणसाचा राग करता येत नाही म्हणून भांडी घासत बसले.

तेव्हा आता तुझ्या कागदाचं काय ते बोल. सभेला नऊ दिवस आहेत. हे पत्र तुला त्याआधी मिळेल की नाही, सांगता येत नाही.

आणखी एक. चार वर्षांत तुझी दोन पत्रं आली होती, माझ्या नावाने. ती मी वाचली होती, पूर्ण. उत्तर दिलं नाही. तू विचारलंस तर मी सांगणार होते की बाबांना आवडलं नसतं. त्यांनी मला एकदाही मना केलं नव्हतं.

आई


१९ मार्च

खुडबुड्या,

आशीर्वाद. ह्या वेळी आधी लिहिले, म्हणजे राहायला नकोत.

काल सभा झाली. समितीचे पाच जण, ग्रंथपाल बाई, आणि मागच्या बाकावर आम्ही चौघं, काका, ताई, अर्जवाल्या बाई आणि मी. अध्यक्षांनी सुरुवातीलाच माझ्याकडे बोट केलं. "वहिनी, राग मानू नका. ते होते तोवर ठीक होतं. आता सहा यंत्रांच्या सहा तऱ्हा कुणी सांभाळायच्या? आणि कागद तुमच्या मुलाचाच आहे."

प्रश्न खोटा नव्हता. मी उत्तर द्यायला पिशवीत हात घातला. तेवढ्यात ग्रंथपाल बाई म्हणाल्या, सकाळच्या टपालाने आणखी एक पत्र आलंय, अध्यक्षांच्या नावाने. अध्यक्षांनी ते आधी मनात वाचलं. मग काका म्हणाले, "मोठ्याने वाचा. पाठच्या पानासकट." मग वाचलं. "माझी शिफारस मागे घेतो. ती लिहिताना मी तिथे बसणाऱ्या एकालाही विचारलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या टेबलावर रिबिनीचा डबा आहे. आधी त्यातली कार्डं बघावीत."

म्हणजे तुला डबा आठवत होता. मी डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. मला वाटतं, जरा आपटलाच.

मी म्हटलं, सांभाळायचं कसं ते ह्यात आहे. प्रत्येक यंत्राचं कार्ड, कुठली मांडणी, कुणासाठी, का आणि कधी. शंका असेल तर दोन मिनिटं द्या. आणि एक नंबरच्या बंद पडद्यासमोर पाचही जणांना एकेक करून बसवलं. बोट ठेवा म्हटलं. पहिल्याचं वर डावीकडे गेलं. दुसऱ्यांचं खाली मधोमध. कोशाध्यक्षांनी दोन बोटं ठेवली, एक पुरत नाही म्हणाले. उपाध्यक्ष बाईंचं अगदी मधे, जिथे कुणीच काही ठेवत नाही तिथे. शेवटी अध्यक्ष बसले. त्यांचं बोट काचेवर टेकलंच नाही, खाली चौकटीवरच्या बंद करायच्या बटणावर गेलं.

"असं कसं?" ताईंनी विचारलं. त्यांना काकांनी कानात सांगितलं होतं.

"खरं सांगू? मी तेवढंच वापरतो," अध्यक्ष म्हणाले, आणि स्वतःच पहिले हसले. तिथून सभा सोपी गेली. सहाही यंत्रं जशी होती तशी राहणार. तीन नंबरचं माटे परत आलं, तिथल्या तिथे, दातेरी चाकातून, काकांनीच आणलं. बाईंचे ढीग होते तसे होते. नवीन कुणी बसणार असेल तर आधी कार्ड करायचं. ते दर बुधवारी मी करायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे मी म्हटलं आणि कुणी नाही म्हणालं नाही.

घरी आले आणि डब्यात माझं कार्ड शोधलं. नाही. सगळ्या जगाला बंद पडद्यासमोर बसवलं आणि बायकोला नाही. त्यांना जे आवडायचं तेच मला लावून दिलं आणि फळ्या मांडून माझं तोंड बंद केलं. गेलेल्या माणसावर मी काल अर्धा तास चिडले होते. बरं वाटलं. बरेच दिवस नुसतं रडू येत होतं.

मग स्वतःच पडदा बंद ठेवून खुर्चीत बसले. त्यांच्या उशीवर. विचार न करता बोट ठेवलं. ते खाली उजवीकडे गेलं. कार्डावर टिंब दिलं, आणि कॉम्प्युटर लावून बघितलं की तिथे काय आहे. शेवटच्या रांगेतलं शेवटचं टिपण. दोनशे चौदावं. बाबा आजारी असताना मी वाचलेलं पुस्तक. टिपण लिहून मी दवाखान्यात त्यांची औषधं आणायला गेले होते. त्या दिवशी दुपारी ते जरा उठून पुढच्या खोलीत बसले होते म्हणे, शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. नंतर मी ती फाईल उघडलीच नव्हती. फळ्या परत आल्या त्या दिवशीही नाही, तिथवर हात गेला नव्हता.

मी लिहिलं होतं, "आई आणि मुलगा दोघंही मानी. दोघंही वाट बघतात आणि पहिलं पत्र कुणीच लिहीत नाही. पुस्तक संपतं. शेवट आवडला नाही. लेखकाने एकाला तरी लिहायला लावायला हवं होतं."

खाली त्यांची ओळ आहे. "लेखक कशाला हवाय? तू लिही."

मी लिहिलं खरं. पण भांडायला लिहिलं, आणि ही ओळ वाचायच्या आधी लिहिलं. ते असते तर म्हणाले असते, चालेल, पत्र तर गेलं.

चार वर्षांपूर्वी त्यांनी तुला बंद पडद्यासमोर बसवलं तेव्हा तू म्हणालास, "बाबा, हे खेळ पुरे करा, जगात कुणी असं करत नाही." आणि गेलास, तो चार वर्षं आला नाहीस. त्यांनी कार्डावर तुझं नाव घालून डब्यात ठेवलं. टाकून दिलं नाही, हे मी बघत होते. तुला सांगायला हवं होतं.

ते कार्ड ह्या पाकिटात घातलं आहे. तिथे तुझ्या टेबलाशी पडदा बंद करून बस. विचार करू नकोस. बोट जाईल तिथे टिंब दे.

आणि ते टपालात टाकू नकोस. डबा इथेच आहे, घेऊन ये.

आई